बाहेरून येणाऱ्याला सर्व्हर सापडावा म्हणून

निरोप, फोन आणि बैठका एकाच जागी चालाव्यात म्हणून अनेक संस्था स्वतःचा संभाषण सर्व्हर ठेवतात. मायक्रोसॉफ्टचा लिंक सर्व्हर हा त्यातला परिचित प्रकार. २०१५ साली त्याचे नाव स्काइप फॉर बिझनेस झाले. कचेरीत तो बिनतक्रार चालतो. मात्र तोच कर्मचारी घरी जाऊन लॅपटॉप उघडतो तेव्हा लॉगिन होत नाही. मग पासवर्ड बदलून पाहतात, फायरवॉल तपासतात. माझे सांगणे असे, की सगळ्यांत आधी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, पाहा.

बाहेर पडलेल्या लॅपटॉपला सर्व्हरविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नसते. वापरणाऱ्याच्या पत्त्यात 'ॲट' या चिन्हापुढे जे डोमेन असते, तेवढेच त्याच्या हाती असते. त्या डोमेनच्या आधी 'लिंकडिस्कव्हर' लावून तो विचारणा करतो. तिथे उत्तर मिळाले नाही, तर तो एसआरव्ही नावाची नोंद शोधतो. साधी नोंद फक्त आयपी पत्ता सांगते. एसआरव्ही मात्र सेवा कोणत्या यंत्रावर आहे, कोणत्या पोर्टवर आहे आणि अनेक यंत्रे असतील तर आधी कोणाकडे जायचे, हेही सांगते. बाहेरच्या कर्मचाऱ्यासाठीची ही नोंद बाहेरच्या जोडण्या घेणाऱ्या एज सर्व्हरकडे, पोर्ट ४४३ वर बोट दाखवते. ४४३ निवडण्याचे कारण व्यवहारातले आहे: हॉटेल असो की विमानतळ, तिथल्या नेटवर्कवर हे पोर्ट सहसा उघडे असते. दुसऱ्या संस्थांशी जोडणी हवी असेल, तर वेगळी एसआरव्ही नोंद लागते आणि तिचे पोर्ट ५०६१. नोंदीतल्या यंत्राचे नाव वापरणाऱ्याच्याच डोमेनमधले असावे आणि ते सर्टिफिकेटातही असावे. नाहीतर क्लायंट शंका घेतो, आणि ती शंका रास्तच असते.

बैठकीच्या दुव्याचे 'मीट' हे नाव पुष्कळ जण सवयीने एज सर्व्हरकडे वळवतात. ते चूक आहे. 'मीट', 'डायलइन' आणि 'लिंकडिस्कव्हर' ही वेबची नावे बाहेरच्या वेब विनंत्या आत पोहोचवणाऱ्या रिव्हर्स प्रॉक्सीकडे जायला हवीत.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आत आणि बाहेर एकच डोमेन वापरले, तर एकाच नावाला दोन उत्तरे द्यावी लागतात: कचेरीत खाजगी पत्ता, बाहेर सार्वजनिक. कचेरीतला डीएनएस सर्व्हर त्या डोमेनचा पूर्ण मालक असल्यासारखा वागतो. त्याच्याकडे नसलेले नाव तो बाहेर विचारायला जात नाही, सरळ 'नाही' म्हणतो. म्हणून संस्थेचे संकेतस्थळसुद्धा आतल्या यादीत लिहावे लागते. उलट कचेरीतल्या लॅपटॉपसाठीचे 'लिंकडिस्कव्हरइंटर्नल' हे नाव बाहेरच्या यादीत कधीही येऊ देऊ नये. लॅपटॉप ते 'लिंकडिस्कव्हर'च्याही आधी विचारतो. बाहेरून उत्तर मिळाले, तर आपण कचेरीतच आहोत असे समजून तो भलत्याच वाटेला लागतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डीएनएसमध्ये 'असे नाव नाही' हे उत्तरही साठवून ठेवले जाते. १९९८ सालच्या आरएफसी २३०८ मध्ये त्याचे नियम आहेत, आणि किती वेळ साठवायचे हे तुमच्या झोनच्या, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या संचाच्या, एसओए नोंदीवरून ठरते. नोंद करण्याआधीच उत्सुकतेने विचारून पाहिले, तर तो नकार तासभर किंवा त्याहून अधिक वेळ अंगाला चिकटतो, आणि नोंद बरोबर असूनही ती चुकली असे वाटत राहते. म्हणून आधी नोंद करा, मग विचारा. तेही मोबाईलच्या इंटरनेटवरून, 'एनएसलुकअप' वापरून, आणि प्रथम तुमच्या झोनच्या अधिकृत नेम सर्व्हरलाच. तिथे उत्तर बरोबर असेल, तर राहिलेला प्रश्न फक्त जुना साठा संपण्याचा असतो.