पदकाच्या आधी



या महाविद्यालयीन क्रीडा परिषदेत समस्त पुणेकरांच्या वतीने आपलं मनःपूर्वक स्वागत. पुणेरी पाहुणचाराबद्दल बाहेर काय बोललं जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन दिवसांत ते खोटं ठरवायचं, असं स्वागत समितीने ठरवलं आहे.

खेळाची परिषद पुण्यात भरते आहे, म्हणून सर दोराबजी टाटांचं स्मरण करतो. केंब्रिजच्या केयस कॉलेजात क्रिकेट आणि फुटबॉल गाजवून हा तरुण मुंबईला परतला आणि १८८२ साली सेंट झेवियर्समधून पदवीधर झाला. पुढे वडील जमशेटजी यांचं पोलादाचं स्वप्न त्यांनी उभं केलं. पोलाद कारखान्याच्या नव्या नगरात फुटबॉल-हॉकीला भरपूर जागा राखून ठेव, असं जमशेटजींनी त्यांना १९०२ सालीच पत्रातून बजावलं होतं.

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास इथल्या, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना दोराबजी पाहुणे म्हणून आले. अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली. नियम त्या पोरांना धड माहीत नव्हते, पण त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. दुसरा कोणी पाहुणा बक्षिसं वाटून घरी गेला असता. दोराबजींनी मात्र या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचा ध्यास घेतला, खिशात हात घातला आणि १९२० साली भारताचा संघ अँटवर्पला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पदक एकही मिळालं नाही. तरी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी दोराबजींनी पुन्हा मदत केली. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते.

जिंकून आलेल्या खेळाडूला हार घालायला आज रांग लागते. हरण्याची शक्यता असताना त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, हा खरा प्रश्न आहे. स्वतः खेळलेल्या माणसाला तो कळतो. म्हणूनच कॉलेजात खेळून पुढे उद्योग-व्यवसायात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून बोलावलं आहे. त्यांनी आपापल्या कॉलेजच्या जिमखान्याला किमान एका होतकरू खेळाडूचा खर्च उचलण्याचा शब्द द्यावा आणि निकालाची अट घालू नये, एवढंच मागणं आहे.

व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. पुन्हा एकदा स्वागत करतो आणि अध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.