प्रकाशाचा उलटा माग

चोळपुरम् गावाहून जवळच्या कुंभकोणम् शहरी आलेला वाटसरू महामहम् तलावाच्या काठी क्षणभर विसावतो. भोवतालचे १६ मंडप पाण्यात उलटे उतरलेले असतात. मान खाली घालून त्याने केवळ पाणीच न्याहाळले, तरी ती प्रतिबिंबे जागची हलत नाहीत. त्यात नवल ते काय, असे कोणीही म्हणेल.

परंतु हाच तलाव संगणकावरील खेळात रेखाटला, तर एवढे साधे सत्य सांभाळणेही कठीण होते. प्रचलित युक्तीत पडद्यावर उमटलेले चित्रच पाण्यासाठी पुन्हा वापरतात. खेळणाऱ्याने नजर खाली वळविली आणि मंडप चौकटीबाहेर गेला, की पाण्यातला मंडपही विरून जातो.

‘रे ट्रेसिंग’ म्हणजे किरणांचा माग. येथे किरण डोळ्यापासून उलट निघतो, पाण्यावर आदळून वळतो आणि ज्या दगडाला भिडेल त्याचा रंग घेतो. तो दगड पडद्यावर आहे की नाही, याची त्याला पर्वा नसते. मग लखलखीत पितळी समईत पाठीमागून येणारा प्रतिस्पर्धीही दिसू शकतो. हा लाभ केवळ शोभेचा नव्हे.

टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली ही रीत पुढे नेली, तेव्हा एका चित्राला ७४ मिनिटे लागली. वेगवान खेळाला सेकंदाला ६० चित्रे हवीत! २०१८ पासून घरगुती संगणकांसाठी तशी खास यंत्रणा मिळू लागली. तरीही किरण मोजकेच सोडता येतात; उरलेले चित्र अनुमानाने भरावे लागते, आणि शांत पाणी मधूनच उगाच थरथरते.