पंधराशे रुपये आणि दोन एकर

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर सकाळपासून बोलणे झाले आहे. आम्ही त्यात भर घालणार नाही. आम्हाला मिळालेला वेळ आम्ही अशा विषयाला देणार आहोत, ज्यावर पारावर सगळे बोलतात आणि बैठकीत कोणीच बोलत नाही. नवरा मेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई दुसऱ्या माणसाच्या घरी राहायला गेली, की तिच्या निराधारच्या पगाराचे काय होते? आणि त्या पगारापायी तिचे आणखी काय काय जाते?

मागे बसलेल्या पोरांनी हसू नये. हा हिशेबाचा विषय आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला एक बाई आमच्याकडे आली. गावाचे नाव सांगत नाही, तालुक्याचेही नाही. पहिला नवरा जाऊन दहा वर्षे झालेली. त्याच्या नावावर चार एकर कोरडवाहू. पदरात एक मुलगी. सासू आणि दीर म्हणाले, वारसाच्या नोंदीचे नंतर बघू. ते नंतर काही आलेच नाही. बाई मजुरीला जायची. २०१९ साली शेजारच्या गावातल्या एका विधुर शेतकऱ्याने तिच्याशी पाट लावला. देवळापुढे पाच माणसे जमली, जेवली, झाले. माणूस चांगला. दोघांनी मिळून सहा एकर केले, कापूस आणि तूर. मुलीचे लग्नही तिथूनच लागले.

पण तिला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू होते. गावात त्याला पगारच म्हणतात. लग्न झाले म्हणून सांगितले तर पगार बंद. म्हणून आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे खाते, सगळे जुन्या गावच्या पत्त्यावर राहू दिले. दरवर्षी हयातीच्या दाखल्याला जुन्या गावी जायची आणि आपण पुनर्विवाह केलेला नाही अशा कागदावर अंगठा करून यायची. महिन्याला १००० रुपये मिळत, २०२३ मध्ये त्याचे १५०० झाले. सहा वर्षांचे मिळून ऐंशी-पंचाऐंशी हजार.

२०२५ च्या भाद्रपदात निंदण चालू असताना त्याला साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. दिवस झाल्यावर आधीच्या बायकोचे दोन मुलगे आले. ते बाहेरगावी कामाला असतात. त्यांनी विचारले, "मावशी, तुम्ही बाबांच्या बायको असल्याचा कागद आहे का?"

कागद होता. सहा कागद होते. प्रत्येकावर तिचाच अंगठा होता आणि प्रत्येक कागद सांगत होता की ही त्याची बायको नाही.

आता हिशेब करा. शेतात साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळतात. वारसांच्या यादीत पहिले नाव पत्नीचे. सहा एकर त्याच्या नावावर; दोन मुलगे आणि बायको असे तीन वारस, म्हणजे दोन एकर तिचे. हे सगळे त्या पंचाऐंशी हजारांपायी गेले. वर नियमाप्रमाणे अनुदानाची वसुली तिच्यावर निघू शकते, ते वेगळेच. वर्षाच्या १८ हजारांचा २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या हमीभावाने, म्हणजे ७७१० रुपयांनी, हिशेब केला तर सव्वादोन क्विंटलांवर थोडा कापूस होतो. तेवढ्यासाठी बाईने दोन एकरांवर पाणी सोडले.

तिला खोटारडी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. खोटे बोलायला लावणारा नियम कोणी केला, ते आधी बघू.

ही योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता अशा बायका तिच्यात बसतात. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवे. महिन्याला १७५० रुपये! एवढ्या उत्पन्नात कोणाचे घर चालते, ते ज्याने आकडा लिहिला त्यालाच ठाऊक. मग बाईचा पगार दोन वाटांनी जातो. विधवा म्हणून मिळत असेल तर पुनर्विवाह झाला की गेला. केंद्राच्या विधवा पेन्शनलाही हीच अट आहे. आणि लग्नाचा कागद नसला तरी ज्या घरात ती राहते त्या घरातल्या माणसाचे उत्पन्न तिच्यात धरले की २१ हजारांची रेघ ओलांडली. सरकारचा विचार असा, की घरात पुरुष आला म्हणजे बाई निराधार राहिली नाही. त्या पुरुषाच्या डोक्यावर सोसायटीचे किती कर्ज आहे, हे त्या कागदात विचारलेले नसते.

हा विचार आपल्याकडचाच आहे असे नाही. इंग्लंडमध्ये दोघे नवराबायकोसारखे एका घरात राहत असले, लग्न झालेले असो वा नसो, तर सरकारी मदत देताना त्यांना जोडपे धरतात आणि दोघांचे उत्पन्न एकत्र मोजतात. अमेरिकेत अलाबामा राज्याने तर असा नियम केला होता, की आईचा कोणा पुरुषाशी संबंध असला की मुलांची मदत बंद. तो पुरुष मुलांना एक पैसा देत नसला तरी! त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो नियम मोडून काढला. आपल्याकडे शब्द 'पुनर्विवाह' असा आहे, पण चौकशी चालते ती गावातल्या कुजबुजीवर. कोणाची चूल कोणाच्या घरी पेटते, ते तलाठ्याला (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) सांगायला जातो तो आपल्यातलाच कोणी. बहुतेक वेळा जमिनीत वाटा नको असलेला दीरच.

आणि गंमत बघा. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. पैसे तेवढेच, १५००. तिथे लग्नाची बाई बसते, विधवाही बसते, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे सरकारच्या एका टेबलावर नवरा असणे हा गुन्हा आणि शेजारच्या टेबलावर नाही. तिथेही २०२५ मध्ये ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार क्रमांक मागितला, आणि ज्यांना दोन्ही नाहीत त्या बायका अंगणवाडीताईकडे मृत्यूचे दाखले घेऊन फिरल्या. पीएम किसानमध्ये नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. तिच्या नावावर जमीन आहे, त्याच्याही आहे, दोघांना वर्षाला ६ हजार येतात. लग्न केले की एकाचे बंद करावे लागतात. ते करा. सहा हजारांसाठी आधारवर जुने नाव ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट, कारण या बाईला इथेच सगळ्यांत जास्त फसवले गेले. तिच्या दिराने तिला सांगितले होते, "दुसऱ्याच्या घरात गेलीस, आता आमच्या चार एकरांवर तुझा हक्क नाही." तिने ते खरे मानले. तुमच्यापैकी किती जण खरे मानतात? हात वर करू नका, आम्हाला माहीत आहे. हा कायदा होता, पण इंग्रजांच्या काळचा. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुन्हा लग्नाची मुभा दिली आणि त्याच कायद्याने लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. त्याच्याही आधी, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा वाटा पूर्ण मालकीने दिला. नवरा मेला त्या दिवशी वाटा तिचा झाला. नंतर तिने पाट लावला, गंधर्व केला, काहीही केले तरी तो परत जात नाही. त्या चार एकरांत सासू, मुलगी आणि ती असे तीन सारखे वाटे होते, आजही आहेत. सातबारावर नाव चढले नाही म्हणून हक्क मेला असे होत नाही. मात्र हक्कसोडपत्रावर अंगठा केला असेल तर पुढचे अवघड. (मुसलमानांचा आणि आदिवासींचा वारसा कायदा वेगळा आहे, त्यांनी बैठकीनंतर भेटावे.)

म्हणून विधवा बहिणींना आमचे सांगणे: आधी पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवर वारस नोंद करा, मग नवे घर करा. आणि नवे घर केले की लग्न नोंदवा. १९९८ च्या कायद्याने खेड्यात ग्रामसेवकाकडे ही नोंद होते. पगार जाईल, जाऊ द्या. तहसीलला स्वतः लेखी कळवा आणि पोच घ्या. वर्षानुवर्षे नवराबायको म्हणून एकत्र राहिलेल्यांचे लग्न झाले आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते, पण तुमचाच अंगठा उलटे सांगत असेल तर न्यायाधीश तरी काय करणार?

टाकलेल्या बाईचे मात्र असे नाही. पहिला नवरा जिवंत, घटस्फोट नाही, तर दुसरे लग्न कायद्याने लग्नच नाही. पंचांची सोडचिठ्ठी जातीची रूढी सिद्ध झाली तरच टिकते. तिला त्या माणसाच्या जमिनीत वारसा नाही. तिच्यापासून झालेल्या मुलांना मात्र बापाच्या वाट्यात आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते पक्के केले. तिने आधी घटस्फोट घ्यावा. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडून बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. तोपर्यंत घरच्या माणसाने तिच्या नावाचे मृत्युपत्र करून ठेवावे, दोन साक्षीदारांसमोर. भावांनो, हे तुमच्याकडे बघून बोलतो आहोत. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी आपण बायकोच्या नावे जमीन केली, ती लग्नाच्या बायकोच्या. घरात असलेल्या पण कागदावर नसलेल्या बाईचा विचार तेव्हा आपणही केला नाही.

सरकारकडे आमचे मागणे एवढेच आहे: पुनर्विवाह कळवणाऱ्या बाईचे अनुदान त्या दिवशी तोडू नका, निदान दोन वर्षे चालू ठेवा, आणि २१ हजारांची रेघ बदला. ठराव लिहून आणला आहे, जेवणाआधी वाचू.

त्या बाईच्या पहिल्या चार एकरांचा वारस अर्ज आम्ही भरून दिला आहे. सहा एकरांचे न्यायालयात जावे लागेल, आणि पाटाला जेवलेल्या पाच माणसांपैकी तीन हयात आहेत. एक आज इथे बसला आहे, त्याने साक्षीला यायचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी असे प्रकरण असेल त्यांनी पुढच्या बैठकीला सातबारा, आठ-अ आणि मृत्यूचा दाखला घेऊन यावे. झेरॉक्स चालेल.