चौकी नव्हे, चौकीतला माणूस

(एका नागरी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



सभागृहात येताना प्रवेशद्वारापाशी एका निवेदनावर स्वाक्षऱ्या घेतल्या जात होत्या. आपल्या शहरासाठी नवी पोलीस चौकी आणि वाढीव पोलीस बळ मिळावे, अशी ती मागणी आहे. मीही स्वाक्षरी केली. मात्र करताना मनात एक प्रश्न आला, तोच आपल्यापुढे ठेवतो. जी चौकी आज आपल्या भागात आहे, तिथल्या हवालदाराचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आणि त्या हवालदाराला आपल्या गल्लीतील किती घरे ठाऊक आहेत?

भिवंडीचे उदाहरण घेऊ. यंत्रमागांचे, कष्टकऱ्यांचे हे दाटीवाटीचे शहर. मे १९७० मध्ये तिथे भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये ते शहर पुन्हा पेटले. 'भिवंडी' म्हटले की 'दंगल' हाच शब्द ओठांवर यावा, अशी तिची कुप्रसिद्धी झाली होती. अशा शहरात १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून रुजू झाले. त्यांनी काय केले? त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. त्यांत दोन्ही समाजांचे लोक बरोबरीने घेतले. व्यासपीठावर मिरवणारे पुढारी टाळून रोज एकमेकांच्या समोर येणारी साधी माणसे निवडली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समितीशी नाते जोडण्याचे काम खालच्या पातळीवरील पोलिसाकडे दिले. ज्याला एरवी केवळ बंदोबस्तात उभे केले जाते, तो शिपाई त्या वस्तीचा जबाबदार माणूस झाला.

६ डिसेंबर १९९२ नंतर या योजनेची कसोटी लागली. तेव्हा मी महाविद्यालयात होतो. मुंबईहून येणारी प्रत्येक बातमी अंगावर काटा आणीत होती आणि जो तो विचारीत होता, 'भिवंडीचे काय?' भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम मोडले नाही, पुढे नेले, हे त्यामागील तितकेच मोठे कारण. पुढे खोपडे यांनी याच अनुभवावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या नावाचे पुस्तक लिहिले.

पण कथा येथेच संपवली तर ती अर्धसत्य ठरेल. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव हिंसक झाला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली आणि दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून प्राणांस मुकले. एका घटनेला एकच कारण नसते, हे मी जाणतो. तथापि विश्वास ही एकदा बांधून ठेवायची इमारत नव्हे. ती रोज पाणी घालण्याची बाग आहे, एवढा बोध तरी त्यातून घ्यावाच लागेल.

आता मनुष्यबळाकडे वळू. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाणे अधिकाऱ्याला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यानुसार पोलीस ठाण्यातील निरीक्षकाचा सामान्य कार्यकाळ दोन वर्षांचा, तर शिपाई-हवालदारांचा पाच वर्षांचा आहे. या पाच वर्षांचे मोल मोठे आहे. अधिकारी येतात आणि जातात. वस्ती ओळखतो तो हवालदार! पण सण, सभा, मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात तो सतत अडकलेला असेल आणि बारा-बारा तास उभा राहात असेल, तर त्याने वस्तीत फिरायचे कधी? मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो याच जाणिवेतून. थकलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करणे हा अन्यायच आहे.

खेड्यात पोलीस पाटील असतो. तो गावचाच असतो, त्याला माणसे ठाऊक असतात. शहराच्या गल्लीला असा कोणी नाही. ही उणीव नुसत्या संख्येने भरून निघणार नाही. वीस नवे शिपाई आले आणि वर्षभरात त्यांतले पंधरा बदलून गेले, तर आपल्या पदरी काय पडले?

म्हणून त्या निवेदनात दोन ओळी वाढवाव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, प्रत्येक बीटाला नेमलेला हवालदार कायद्याने ठरवलेला काळ तिथेच राहावा आणि त्याचे नाव चौकीच्या फलकावर असावे. दुसरी ओळ आपल्यासाठी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ आम्ही त्याच्याबरोबर बसू. त्यात सर्व वस्त्यांचे, सर्व समाजांचे लोक असतील, आणि पुढाऱ्यांची शिफारस कोणालाही लागणार नाही.

पहिली ओळ शासनाने पाळायची आहे, दुसरी आपण. शासनाकडे बोट दाखवणे सोपे असते. पण परवा माझ्याच गल्लीत घरफोडी झाली, तेव्हा रात्री अनोळखी माणसे पाहिलेली तीन घरे निघाली. पोलिसांना मात्र कोणीच कळवले नव्हते. का, असे विचारता एक आजी म्हणाल्या, "सांगायचं कुणाला बाबा? ओळखीचं कोण आहे तिथं?"

त्या आजींना एक ओळखीचे नाव मिळवून देणे, एवढेच आपल्यापुढचे काम आहे.