आधी यादी वाचा



भाषेच्या व्यासपीठावर मी संगणकाच्या आज्ञांविषयी बोलणार आहे, याचं नवल वाटेल. पण निपाणी-बेळगाव पट्ट्यात शाळेचा संगणक कक्ष सांभाळताना हे दोन विषय वेगळे राहत नाहीत. मराठी माध्यमाच्या आमच्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टंकलेखन करावं लागतं.

एकदा २० संगणकांवर मराठी कळफलक बसवायचा होता. प्रत्येकावर खिडक्या उघडत बसण्यापेक्षा मी पॉवरशेलमध्ये आज्ञा लिहिली. विंडोज मराठीला ‘एमआर-आयएन’ आणि कन्नडला ‘केएन-आयएन’ अशा खुणांनी ओळखते. कन्नड आधीपासून होतीच, म्हणून मी फक्त मराठी आणि इंग्रजीच्या खुणा दिल्या. अशी आज्ञा दिली की संगणक ‘नक्की ना?’ असं विचारतो. ‘फोर्स’ हा शब्द जोडला की तो विचारत नाही. मी तो जोडला होता.

पुढचा तास कन्नडचा. एका मुलीनं विचारलं, “सर, कन्नड कुठं गेली हो?”

चूक आज्ञेची नव्हती. ‘सेट-विनयूजरलँग्वेजलिस्ट’ यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी ठेवते. योग्य रीत तीन पायऱ्यांची आहे: ‘गेट’नं असलेली यादी वाचायची, तिच्यात ‘अ‍ॅड’नं नवी भाषा मिळवायची, मग ‘सेट’नं ती परत ठेवायची.

ही आज्ञा चालू खात्यापुरतीच लागू होते. पण ग्रुप पॉलिसीतून ती प्रवेशाच्या वेळी चालेल अशी ठेवली, तर शेकडो खात्यांतून एक भाषा नाहीशी करायला एक ओळ पुरते. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना यातलं गांभीर्य समजावून सांगायला नको.

शिक्षकांना एक विनंती. आज्ञावलीत ‘#’ या चिन्हापुढे लिहिलेलं संगणक वाचत नाही, माणूस वाचतो. काय केलं आणि का केलं, ते तिथं मराठीत लिहा. फाइल ‘यूटीएफ-८’मध्ये, ‘बीओएम’ या आरंभखुणेसह साठवा. नाहीतर पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत देवनागरी अक्षरं विस्कटतात.

आमच्या आज्ञावलीची पहिली ओळ आता अशी आहे: ‘आधी यादी वाचा. जी भाषा आहे ती राहू द्या.’