तत्त्वज्ञानाचा मूलभूत प्रश्न : थेल्सपासून मार्क्सपर्यंत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अडीच हजार वर्षांचा इतिहास एका व्याख्यानात सांगावयाचा म्हणजे नावांची जंत्री होण्याचा धोका आहे. तो टाळण्यासाठी आपण एकच प्रश्न हाती धरून चालू : विचार आणि अस्तित्व यांचा परस्परसंबंध कोणता आणि त्यांपैकी आद्य कोण? एंगेल्सने फॉयरबाखविषयीच्या १८८६ च्या लेखनात यालाच तत्त्वज्ञानाचा मूलभूत प्रश्न मानले आहे.

या प्रश्नावर तत्त्ववेत्त्यांचे दोन पक्ष पडतात. त्यांच्या नावांविषयी अनुवादकाने थोडे बोलणे आवश्यक आहे. 'मटेरिअलिझम'ला आपल्याकडे 'जडवाद' म्हणतात आणि त्या शब्दाला सुखलोलुपतेचा वास चिकटला आहे. 'आयडिअलिझम'ला 'आदर्शवाद' म्हटले की तो उच्च ध्येयांचा पुरस्कार वाटू लागतो. मग ध्येयासाठी तुरुंगवास पत्करणारा भौतिकवादी ही विसंगतीच ठरावयाची! म्हणून मी 'भौतिकवाद' आणि 'चिद्वाद' असे म्हणेन. पहिला वस्तुजगताला आद्य मानतो, दुसरा चैतन्याला. ध्येयनिष्ठेशी या भेदाचा काडीमात्र संबंध नाही.

तत्त्वज्ञानाच्या शाखाही याच प्रश्नाभोवती लावता येतात. जे आहे ते मुळात काय आहे, हे सत्तामीमांसा विचारते. ते आपणांस कसे कळते, हे ज्ञानमीमांसा. विचाराचे नियम तर्कशास्त्र तपासते, आचरणाचे नीतिशास्त्र आणि कलेचे व सौंदर्याचे स्वरूप सौंदर्यशास्त्र.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात मिलेटस या व्यापारी नगरातील थेल्सने विश्वाचे मूळ पाणी आहे असे प्रतिपादन केले. उत्तर चुकीचे होते. परंतु निसर्गाचे कारण निसर्गातच शोधण्याची रीत त्याने घातली. हेराक्लायटसने अखंड परिवर्तन पाहिले, तर डेमॉक्रिटसने अणू आणि पोकळी यांतून विश्वाची उपपत्ती लावली. प्लेटोने मात्र इंद्रियगोचर जगाला शाश्वत रूपांची छाया ठरविले. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने तर्कशास्त्राची घडी बसविली, जीवसृष्टीचे सूक्ष्म निरीक्षण केले. आणि याच ॲरिस्टॉटलने गुलामगिरी निसर्गसिद्ध मानली. जेथे श्रम गुलामाचे आणि चिंतन मालकाचे, त्या समाजाची मर्यादा एवढ्या थोर बुद्धीलाही ओलांडता आली नाही.

मध्ययुगात तत्त्वज्ञान चर्चच्या दावणीला बांधले गेले. ती दावण तोडणे सोपे नव्हते : १६०० साली जर्दानो ब्रूनोला रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर वीसच वर्षांनी बेकनने 'नोव्हम ऑर्गॅनम'मध्ये निरीक्षण व प्रयोग यांचा कैवार घेतला. देकार्तने संशयापासून आरंभ केला, परंतु मन व शरीर ही दोन स्वतंत्र द्रव्ये मानून त्यांचा सांधा जुळविण्याचे काम पुढच्यांवर सोडले. १६५६ साली ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेला स्पिनोझा भिंगे घासून उपजीविका करीत राहिला. ईश्वर आणि निसर्ग एकच, हा त्याचा सिद्धान्त. लॉकने ज्ञानाचे मूळ अनुभवात दाखविले. त्याच अनुभवाचा आधार घेऊन बर्कलेने मनाबाहेरचे जडद्रव्य नाकारले आणि ह्यूमने कार्यकारणसंबंधाला मनाची सवय ठरविले. कांटने १७८१ मध्ये बुद्धी आणि अनुभव यांचा मेळ घातला, पण वस्तूचे निजस्वरूप अज्ञेय मानले. हेगेलने विरोधातून होणाऱ्या विकासाचे तर्कशास्त्र रचले. मात्र तो विकास त्याच्या लेखी चैतन्याचा होता.

ही चर्चा मराठीला परकी नाही. आगरकरांच्या बुद्धिवादावर मिल व स्पेन्सर यांचा प्रभाव होता आणि टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांचा परामर्श घेतला.

मार्क्सचा १८४१ चा डॉक्टरेटचा प्रबंध डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या निसर्गविचारातील भेदावर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. चार वर्षांनी फॉयरबाखविषयीची टिपणे लिहिताना त्याने जुन्या भौतिकवादाचे वर्म दाखविले : त्याने माणसाला जगाचा केवळ प्रेक्षक मानले आणि माणसाच्या क्रियाशीलतेचा विचार, अमूर्त रूपात का होईना, चिद्वाद्यांनी केला. विचाराच्या सत्यतेची कसोटी मार्क्सने व्यवहारात ठेवली.

म्हणूनच 'आपले' आणि 'त्यांचे' असे दोन रकाने पाडून तत्त्ववेत्त्यांची वाटणी करणे घातक आहे. त्यामुळे घोषणा पाठ होतात, आकलन वाढत नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले असता आणि युरोपातील बहुतेक समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे उभे राहिले असता, लेनिन बर्नच्या ग्रंथालयात हेगेलच्या तर्कशास्त्रावर टिपणे काढीत होता. त्या चिद्वादी ग्रंथात भौतिकवादाला काय उपयुक्त आहे, हे तो शोधीत होता. संकटाच्या काळातही अभ्यासाला त्याने दुय्यम लेखले नाही. प्रतिपक्षाचे प्रतिपादन त्याच्याच ग्रंथातून समजून घ्यावे आणि मग त्याची चिकित्सा करावी, एवढी शिस्त आपण या अभ्यासवर्गात अंगी बाणवली पाहिजे.