रग्बी : चेंडू देण्याचे शिक्षण

रग्बीचा खेळ प्रथमच पाहणाऱ्या माणसाला त्यात धक्काबुक्की तेवढी दिसते. पंधरा एकीकडे, पंधरा दुसरीकडे, मध्ये एक लंबगोल चेंडू आणि सभोवार चिखल! पण थोडा वेळ नीट पाहिले, की ध्यानात येते, की या खेळाचा जीव धक्क्यात नाही, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यात आहे. माणूस कितीही चपळ असो, हातातून सुटलेला चेंडू त्याच्यापेक्षा वेगाने जातो. म्हणून ज्या संघाला चेंडू चटकन आणि अचूक देता येतो, तो संघ अंगाने हलका असला तरी भारी संघाला धाप लागेपर्यंत पळवू शकतो.

हे देणे शिकवावे कसे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आधी नियम पाहू. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. बाजूला द्यायचा किंवा मागे. पुढे फेकला, की खेळ थांबतो आणि सामान्यतः स्क्रममध्ये चेंडू टाकण्याचा हक्क प्रतिपक्षाकडे जातो. गंमत अशी, की गोल करायचा पुढे आणि चेंडू द्यायचा मागे! आपल्या खो-खोची आठवण ठेवली, तर हे कोडे सोपे वाटेल. पाठलाग करणारा खो देतो तो मागून. बसलेला गडी खो मिळण्याआधी उठला तर चूक, आणि देणाऱ्याने खो उशिरा दिला तर पळणारा निसटला. रग्बीतही देणारा आणि घेणारा यांचा असाच मेळ लागतो. घेणाऱ्याने मागे राहून चेंडूवर धावत यायचे असते. तो देणाऱ्याच्या पुढे गेला, तर जगातला उत्तम पासही फुकट.

आता वेगाचा हिशेब बघा. समजा, प्रतिपक्षाचा गडी सेकंदाला ६ मीटर या वेगाने आपल्यावर चालून येत आहे. एका खेळाडूने चेंडू हातात घेऊन अर्धा सेकंद जास्त घालवला, की तो गडी ३ मीटर जवळ आला. ओळीतल्या तिघांनी प्रत्येकी अर्धा सेकंद घालवला, की झाले ९ मीटर! शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या वेगवान गड्याला चेंडू मिळतो तेव्हा त्याच्यापुढची मोकळी जागा संपलेली असते. प्रेक्षक म्हणतात, हा पळाला नाही. वास्तविक त्याची वाट आधीच्या तिघांनी खाल्लेली असते.

हा अर्धा सेकंद जातो कुठे? बहुधा चेंडू घेण्यात जातो. नवा मुलगा चेंडू छातीशी कवटाळतो, मग तो छातीपासून सोडवतो, नीट धरतो, आणि मग देतो. एका कामाची तीन कामे होतात. म्हणून देणे शिकवायचे तर सुरुवात घेण्यापासून करावी. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, बोटे पसरलेली, तळवे चेंडू येईल त्या दिशेला. चेंडू अंगापर्यंत येऊ द्यायचा नाही. हात पुढे नेऊन तो वाटेतच बोटांनी टिपायचा. असा टिपलेला चेंडू त्याच झोक्यात दुसऱ्या बाजूला पाठवता येतो.

देताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, पाय सरळ पुढे धावत राहिले पाहिजेत. ज्या बाजूला चेंडू द्यायचा, त्या बाजूला मुले नकळत तिरकी पळू लागतात. त्यामुळे बाहेरच्या साथीदाराची जागा आकसते. दुसरी, नजर. चेंडू सोडण्यापूर्वी साथीदाराचे हात पाहिले पाहिजेत. तिसरी, हातांचा झोका. कोपर किंचित वाकलेले, दोन्ही हात अंगावरून आडवे जातात, शेवटचा जोर मनगट आणि बोटे देतात, आणि चेंडू सुटल्यावर बोटे साथीदाराकडे रोखलेली राहतात. चेंडू जावा कुठे? त्याच्या छातीच्या उंचीवर आणि थोडा पुढे, म्हणजे धाव न मोडता तो चेंडूवर येईल. पायाशी किंवा पाठीमागे दिलेला चेंडू पोहोचला तरी खेळाला मारतो.

लांबवर चेंडू द्यायचा तर तो भोवऱ्यासारखा फिरवून देतात. १९३० नंतरच्या काळात दक्षिण आफ्रिकेचे डॅनी क्रेव्हन हे स्क्रम-हाफ अंग झोकून, आडवे पडून चेंडू देण्यासाठी प्रसिद्ध होते. पास लांब जाई. पण देणारा जमिनीवर पडे आणि पुढचा क्षण खेळाबाहेर जाई. पुढे वेल्सचे गॅरेथ एडवर्ड्स यांनी फिरत्या पासाने तीच लांबी पायावर उभे राहून साधली. १९६७ ते १९७८ या काळात ते आपल्या देशाकडून सलग ५३ सामने खेळले. मात्र मुलांना पहिल्याच दिवशी ही फिरकी शिकवू नये. जवळचा, साधा, हातात अलगद येणारा पास आधी पक्का झाला पाहिजे. आपल्याकडे मुंबईत बाँबे जिमखान्याच्या मैदानावर रग्बी पावसाळ्यात रंगते. चेंडू ओला, निसरडा, हात चिखलाने माखलेले. तिथे कामास येतो तो हा साधा पासच.

सरावाचा क्रम सोपा आहे. पहिल्यांदा दोघे जण पाच पावलांवर उभे राहून देवघेव करतात. डावीकडे आणि उजवीकडे, आणि जी बाजू कच्ची तिकडे दुप्पट. मग चौघे एका ओळीत चालत चालत. मग धावत, २० मीटर अंतरात चेंडू या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत आला पाहिजे, अशा अटीवर. आणि इथे फार दिवस थांबायचे नाही, कारण समोर कोणी नसताना दिलेला पास म्हणजे पोहण्याचा जमिनीवरचा सराव. १० मीटरचा चौकोन आखावा, आत दोघे चेंडूवाले आणि एक अडवणारा सोडावा. नंतर तिघांविरुद्ध दोघे. म्हणजे मुलांना हात कसा फिरवायचा याबरोबरच चेंडू केव्हा सोडायचा हेही कळू लागते.

केव्हा सोडायचा, हाच सगळ्यांत अवघड प्रश्न आहे. फार लवकर सोडला, तर अडवणारा आपल्याला सोडून चेंडूमागे जातो. फार उशिरा सोडला, तर आपण चेंडूसकट खाली. अडवणाऱ्याला आपल्याकडे ओढायचे, त्याची झेप आपल्यावर ठरली असे दिसले, की त्याच क्षणी चेंडू साथीदाराकडे. धक्का आपण सोसायचा, मोकळी वाट त्याला द्यायची. याच्या उलट वागणारेही खेळाडू असतात. समोरचा दांडगा गडी पाहून ते घाबरतात आणि चेंडू घाईने शेजाऱ्याच्या गळ्यात टाकतात. चेंडू आणि तो दांडगा गडी शेजाऱ्यापाशी एकदमच पोहोचतात. बिचाऱ्याची नजर चेंडूवर, अंग सावरायला वेळ नाही. इंग्रज खेळाडूंच्या बोलीत याला ‘हॉस्पिटल पास’ म्हणतात, आणि ते केवळ थट्टेने नाही. रग्बीतील सर्वाधिक दुखापती पकडीच्या वेळीच होतात. म्हणून वेळेवर आणि अचूक चेंडू देणे ही नुसती कसबाची बाब नाही. साथीदाराच्या हाडामांसाची जबाबदारी त्यात येते, हे पहिल्या आठवड्यातच मुलांच्या मनावर ठसवले पाहिजे.

२७ जानेवारी १९७३ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर बार्बेरियन्स संघाने न्यूझीलंडविरुद्ध एक ट्राय केला. रग्बीच्या इतिहासात त्याची आठवण आजही काढतात. फिल बेनेट यांनी आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू उचलला, अडवायला आलेल्यांना हुलकावण्या दिल्या, आणि सहा पासांनंतर तो एडवर्ड्स यांच्या हातून दुसऱ्या टोकाला टेकला. त्यातला दुसरा पास जे. पी. आर. विल्यम्स यांनी दिला. प्रतिपक्षाने त्यांना मानेशी धरले होते, तरी चेंडू साथीदाराकडे पोहोचला. तो पास दिसायला देखणा नव्हता. पण तो नसता तर पुढचे काहीच झाले नसते. त्या सामन्याआधी खेळाडूंशी बोलणारे कार्विन जेम्स हे पेशाने वेल्श भाषेचे अध्यापक. १९७१ साली त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये कसोटी मालिका जिंकली होती. खेळाडूंना त्यांच्या बुद्धीने खेळू द्यावे, ही त्यांची रीत.

शिकवणाऱ्यांनी या रीतीतून बरेच घेण्यासारखे आहे. चेंडू पडला, की मैदानाला पाच फेऱ्या, अशी शिक्षा पुष्कळ ठिकाणी देतात. त्याने मुलगा सुधारत नाही, तो चेंडूपासून दूर राहायला शिकतो. त्यापेक्षा खेळ थांबवून विचारावे : हा चेंडू पडला, तो घेणाऱ्यामुळे की देणाऱ्यामुळे? दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर देणाऱ्याकडे बोट दाखवते, आणि ते मुलांच्याच तोंडून आले तर अधिक चांगले. एका वेळी एकच चूक सांगावी. वहीत नोंद ठेवावी, की वीस पासांपैकी किती साथीदाराच्या हाताच्या उंचीवर गेले. दोन महिन्यांनी तो आकडा मुलालाच दाखवावा; शाबासकीचे निराळे शब्द लागत नाहीत.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून रग्बी अजून थोड्याच ठिकाणी खेळतात. पण चेंडू एक, मैदान मोकळे आणि उत्साही शिक्षक एवढ्यावर या शिक्षणाची सुरुवात होऊ शकते. पकड, स्क्रम हे सगळे नंतर. आधी मुलांना द्यायला शिकवावे : नजर साथीदारावर, पाय सरळ, आणि चेंडू त्याला हवा तेव्हा, हवा तिथे.